आंब्याच्या ओंडक्यावर बुरशीची नक्षी: कोकणातल्या पावसात स्पाल्टिंग कसं करायचं

घरामागे आंब्याचा ओंडका पडलेला असेल तर तुमच्याकडे स्पाल्टिंग आधीच सुरू आहे, फक्त आपल्याकडे त्याला कोणी स्पाल्टिंग म्हणत नाही, 'लाकूड काळं पडलं, आता चुलीत घाला' असं म्हणतात. बुरशी लाकडात शिरली की ती लाकूड खाता खाता त्यात रंग सोडते, कुठे निळसर-करडे पट्टे, कुठे पांढरेफटक डाग, कुठे पेनाने काढल्यासारख्या बारीक काळ्या रेषा, आणि अशा लाकडाचा वाडगा लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवत कातायच्या यंत्रावर, फिरवला की त्यावर परत रंगकाम करायची गरजच राहत नाही. परदेशात लेथवाले लोक असं लाकूड मुद्दाम तयार करतात आणि साध्या लाकडापेक्षा जास्त पैसे मोजून विकत घेतात. आपल्याकडे सुताराला दाखवलं तर तो म्हणतो, "ह्या कुसलेला लाकूड कित्याक होया तुका?"

नेटवर याचे जे व्हिडिओ आहेत ते सगळे थंड देशांतले, मेपल आणि बर्च वगैरे झाडांचे, त्यामुळे त्यात निम्मा वेळ बुरशी आणायची कशी आणि तिला ऊब द्यायची कशी यातच जातो. कोकणात उलटं आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पावसाळाभर हवा दमट आणि तापमान २५ ते ३० च्या मधे, म्हणजे बुरशीला जे हवं ते सगळं फुकट. इथे बुरशी लावायला जवळपास काहीच करावं लागत नाही, खरं काम आहे ते तिला वेळेत थांबवणं. दोन आठवडे उशीर झाला तर नक्षीचं लाकूड जाऊन हातात भुसा येतो. म्हणून खाली थांबवण्याबद्दल जास्त लिहिलंय आणि सुरू करण्याबद्दल कमी.

लाकडात नक्की काय होतं

तीन वेगळी कामं चालू असतात आणि ती वेगवेगळ्या बुरशा करतात. हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिला येतो निळा-करडा डाग. झाड पडल्यावर काही दिवसांतच येतो, आंब्याला येतो, सावरीला येतो, आणि दोडामार्ग बाजूला रबराची झाडं तोडतात त्यांना तर आठवड्याभरात येतो. आपल्या उष्ण भागात हे काम करणारी मुख्य बुरशी म्हणजे लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमे. नाव अवघड आहे पण ही ओळखीची आहे, पेटीतला हापूस देठाकडून काळा पडून कुजत जातो ना, त्या देठकुजीच्या मागे बहुतेक वेळा हीच असते. लाकडात ती मुख्यतः साखर आणि स्टार्च खाते, लाकडाच्या पेशींच्या भिंतीला फारसा हात लावत नाही, त्यामुळे निळं पडलेलं लाकूड कमजोर झालेलं असेलच असं नाही, फार तर थोडं ठिसूळ होतं. गंमत म्हणजे तिचे तंतू निळे नसतातच, गडद तपकिरी असतात, लाकडातून उजेड विखुरला जातो म्हणून आपल्याला ते निळं-करडं दिसतं.

दुसरं काम पांढरं करण्याचं. याला व्हाइट रॉट म्हणतात. या बुरशा लाकडातलं लिग्निन खातात, म्हणजे लाकडाला कडकपणा आणि तपकिरी रंग देणारा भाग, आणि मागे राहतो तो फिका, पांढरट, हलका भाग. ट्रॅमेटिस जातीतल्या, एकावर एक थर असलेल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या पातळ चिवट अळंब्या कुजक्या खोडावर पावसात दिसतात त्या यातल्या. लाकूड खऱ्या अर्थाने कमजोर होतं ते इथे.

तिसरं म्हणजे काळ्या रेषा, आणि सगळी मजा याचीच आहे. दोन बुरशा एकाच ओंडक्यात समोरासमोर आल्या की दोघी आपापल्या हद्दीवर मेलॅनिनचा काळा थर घालतात, भाऊबंदकीत दोघे भाऊ जमिनीच्या मधे गडगा घालतात तसा. एकच बुरशी असली तरी पाणी कमी-जास्त झालं की स्वतःच्या बचावाला ती अशी रेषा घालते. झायलेरिया नावाची बुरशी या कामात सगळ्यात पटाईत, पावसाळ्यात सडक्या बुंध्यातून काळी बोटं वर आल्यासारखी दिसतात तीच ही. डाल्डिनिया म्हणजे काळे टणक गोळे, चाकूने कापले की आत एकात एक गोल थर दिसतात, तेही आपल्याकडे भरपूर असतात आणि त्यांच्या खालच्या लाकडात हमखास रेषा सापडतात.

आणखी एक कुजणं आहे ते आपल्याला नको, ब्राउन रॉट. त्यात सेल्युलोज, म्हणजे लाकडाला ताकद देणारा धाग्यांचा भाग, खाल्लं जातं, लाकूड तपकिरी होऊन चौकोनी चौकोनी तुकड्यांत तडकतं आणि बोटाने दाबलं तर पीठ होतं. असा ओंडका दिसला की सरळ बाजूला काढायचा, त्यातून काही होणार नाही.

हिरवा आणि गुलाबी रंग कुठे मिळेल

हा प्रश्न येणारच कारण फोटो सगळे त्याचेच फिरतात. गडद हिरवा-निळा रंग क्लोरोसिबोरिया नावाच्या बुरशीचा, त्या रंगद्रव्याला झायलिंडीन म्हणतात, आणि तो इतका पक्का असतो की उन्हाने उडत नाही. पंधराव्या शतकात इटलीत लाकडाचे रंगीत तुकडे जोडून भिंती सजवायचे, त्यातलं हिरवं लाकूड म्हणजे ही बुरशी लागलेलं लाकूड होतं, १९९२ साली संशोधकांनी ते तपासून प्रसिद्ध केलं. गुब्बिओच्या राजवाड्यातली तशी एक अख्खी खोली आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, पाचशे वर्षं होऊन गेली तरी हिरवं ते हिरवंच. अमेरिकेत ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत सेरी रॉबिन्सन यांनी या रंगांवर बरंच काम केलंय, आणि तिथे झायलिंडीनचा उपयोग इलेक्ट्रॉनिक्समध्ये होतो का हेही बघतायत. गुलाबी-लाल रंग देणारी बुरशी वेगळी, स्कायटॅलिडियम क्युबॉइडियम.

पण परड्यात हे दोन रंग मिळवायच्या मागे लागू नका. क्लोरोसिबोरिया अतिशय हळू वाढते, आपल्या गरम पावसात बाकीच्या बुरशा तिच्या आधीच सगळं लाकूड संपवून टाकतील, आणि त्यासाठी लॅबमधलं स्वच्छ कल्चर लागतं. कोकणात निळा-करडा, पांढरा आणि काळ्या रेषा, एवढंच सामान आहे असं धरून चला. माझ्या मते आंब्यावर तेवढं पुरेसंच आहे.

आणि ओंडक्यावर जो हिरवा भुरभुरीत थर येतो त्याला बघून खूष होऊ नका, ती ट्रायकोडर्मा किंवा पेनिसिलियम, वरवरची बुरशी, फडक्याने पुसली की गेली, लाकडात रंग शिरलेला नसतो. ट्रायकोडर्मा तर उलट नुकसान करते कारण ती दुसऱ्या बुरशा खाऊन जगते, म्हणूनच कृषी केंद्रात तिची पावडर मररोगावर विकायला असते. बागेत ती पावडर वापरत असाल तर स्पाल्टिंगचे ओंडके तिथून लांब ठेवा.

लाकूड कोणतं घ्यायचं

आंबा. दुसरं काही हाताशी असेल तरी पहिल्यांदा आंबाच घ्या. फिकं असतं, साखर-स्टार्च भरपूर, बुरशी पटकन शिरते आणि तरी लाकूड बऱ्यापैकी घट्ट राहतं. रायवळचं जुनं झाड असेल तर उत्तम, बुंधा मोठा मिळतो.

सावर आणि पांगारा यांच्यात बुरशी आंब्याहून वेगात पसरते पण ही लाकडं मुळात मऊ, त्यामुळे नक्षी आली म्हणेपर्यंत लाकूड गेलेलं असतं. पांगाऱ्याचं लाकूड सावंतवाडीच्या चितारआळीत खेळण्यांना पूर्वीपासून वापरतात, हलकं आणि कापायला सोपं म्हणून, पण ते चांगलं वाळवलेलं, रंग लावायला स्वच्छ पृष्ठभाग हवा म्हणून, आपल्याला नेमकं उलटं हवंय. रबराचं लाकूड मिळालं तर जरूर घ्या. फणसाच्या पिवळ्या गाभ्यात स्वतःचेच रंग आणि रसायनं असतात, तिथे बुरशी शिरायला तयार नसते, फक्त सालीजवळच्या फिक्या भागात थोडे पट्टे येतात. सागाचा आणि खैराचा गाभा तर विसराच, बुरशी लागत नाही म्हणूनच त्यांना किंमत आहे. माडाचं खोड वेगळ्याच बनावटीचं, त्यात अशी नक्षी उमटत नाही.

यासाठी झाड तोडायची गरज नाही आणि तोडूही नका, आंबा-फणस तोडायला परवानगी लागते आणि लाकूड गाडीत घालून न्यायचं तर वाहतुकीचा पास लागतो, ते वनखात्याच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. पडलेली झाडं काय कमी आहेत? जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोली बाजूला आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात खाली सिंधुदुर्गापर्यंत आंब्याची किती झाडं आडवी झाली ते सगळ्यांना माहितीय, आणि मोठं वादळ नसलं तरी दर पावसात एखादी फांदी पडतेच. बागेत छाटणी होते तेव्हा मनगटापेक्षा जाड फांद्या बाजूला काढून ठेवायला सांगा. फक्त एक बघा, फांदीच्या कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट लावलेली असेल तर तो भाग कापून टाका, मोरचूद असेल तिथे बुरशी नीट धरत नाही.

ताजं लाकूड हवं. वखारीत वर्षभर वाळलेलं आणून भिजवलं तरी चालतं पण वेळ लागतो आणि मधे किडा शिरतो.

ओंडक्याची पद्धत, म्हणजे परड्यातली

मे महिन्याच्या शेवटी किंवा मृग लागता लागता ओंडका दीड-दोन फुटांचे तुकडे करून घ्या. तुम्हाला हवा त्यापेक्षा तुकडा दोन्ही बाजूंनी दोन-तीन इंच लांब ठेवा कारण टोकं तडकणारच, ती नंतर कापून टाकायची. साल काढू नका, ती आतला ओलावा धरून ठेवते.

तिकडचे लोक ओंडका सरळ मातीत उभा करायला सांगतात कारण बुरशी टोकातून, म्हणजे कापलेल्या तोंडातून शिरते. आपल्याकडे मातीत उभा केला तर बुरशीच्या आधी वाळवी येईल. त्यामुळे खाली दोन चिरे ठेवा, चिऱ्यांवर ओंडका उभा, आणि टोकाला ओला पातेरा, म्हणजे पालापाचोळा, दाबून लावा. जागा सावलीची, मांगराच्या मागची किंवा फणसाखालची. पागोळ्या थेट डोक्यावर पडतील अशी जागा मात्र नको. लोकांना वाटतं जितकं जास्त पाणी तितकी जास्त बुरशी, तसं अजिबात नाही, बुरशीला हवा पण लागते, लाकूड पाण्याने तट्ट भरलं की ती गुदमरते. लाकूड तलावात बुडवून ठेवलं तर वर्षानुवर्षं कुजत नाही ते याच कारणाने. म्हणून वर एखादं झाप किंवा जुना पत्रा तिरका टाका, पाऊस अंगावरून जाऊ दे, डोक्यात मुरायला नको.

आता रेषा हव्या असतील तर एवढी एकच युक्ती करा. आधी कुजलेल्या दोन वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे शोधा, एकावर काळी बोटं आलेली, दुसऱ्यावर पट्ट्यांच्या चिवट अळंब्या आलेल्या, आणि त्यांचा थोडा भुसा पाडून एक ओंडक्याच्या वरच्या तोंडाला, एक खालच्या तोंडाला ओल्या पातेऱ्यात मिसळून चोळा. दोघी दोन बाजूंनी शिरतात आणि मधे भेटतात, आणि नक्षी साधारण मधल्या भागात येते, जिथून तुम्हाला वाडगा काढायचाय तिथे. एकाच बुरशीवर सोडलं तर बहुतेक नुसतं पांढरं होत जातं.

हे करताना एक पथ्य पाळायलाच पाहिजे. माडाच्या किंवा पोफळीच्या बुडात जी चकचकीत तांबूस-तपकिरी कडक अळंबी येते, गॅनोडर्मा, तिचे तुकडे यात आणू नका, ती जिवंत झाडाची मुळं कुजवते आणि एकदा बागेत शिरली की निघत नाही. निळा डाग पाडणारी लॅसिओडिप्लोडियासुद्धा आंब्याच्या कलमांवर फांदीमर आणते, त्यामुळे हे सगळे उद्योग नव्या कलमांपासून लांब, बागेच्या बाहेर.

डब्याची पद्धत, फ्लॅटवाल्यांसाठी

रत्नागिरीत किंवा चिपळुणात फ्लॅटमध्ये राहत असाल आणि परडं नसेल तर झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला तीन-चार बोटं ओला लाकडाचा भुसा, त्यावर आंब्याच्या दीड-दोन इंच जाडीच्या फळ्या किंवा ठोकळे, मधे मधे कुजलेल्या लाकडाचे तुकडे, वर परत भुसा. भुसा सुताराकडून आणताना आंब्याचा किंवा जंगली लाकडाचा आणा, सागाचा नको आणि प्लायवूडचा तर बिलकुल नको, त्यात गोंद असतो. भुसा मुठीत दाबला की हाताला ओल लागली पाहिजे पण पाणी गळता कामा नये. झाकणाला खिळा तापवून सात-आठ भोकं पाडा. डबा बाल्कनीत सावलीला. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात आत ४० च्या वर जातं आणि तिथे बहुतेक बुरशा थंडावतात.

डब्याचा फायदा हा की पाणी तुमच्या हातात असतं. महिनाभराने झाकण दोन-तीन दिवस थोडं उघडं ठेवून भुसा जरा सुकू द्या, मग परत पाणी शिंपडा. असा ओलावा बदलला की रेषा जास्त येतात.

ओलावा मोजायचं मीटर बाजारात मिळतं पण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरही काम होतं. त्याच लाकडाचा छोटा तुकडा कापा, वजन करा, समजा २०० ग्रॅम. ओव्हनमध्ये १०० अंशाच्या आसपास ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा, समजा १४० भरलं. गेलं ६० ग्रॅम पाणी, त्याला कोरड्या वजनाने, म्हणजे १४० ने भागायचं, आले साधारण ४३ टक्के. ३० च्या वर असेल तर बुरशी जोरात, २० च्या खाली गेलं की वाढ थांबते. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवलेत तरी चालेल, बाकीचं सगळं यावरच आहे.

कधी थांबवायचं

नागपंचमीच्या सुमाराला पहिल्यांदा बघा. ओंडक्याच्या टोकाची एक पातळ चकती कापायची, तोंडावरून अंदाज लागत नाही कारण टोक नेहमी आतल्यापेक्षा पुढे गेलेलं असतं. चकती ओली असताना रेषा स्पष्ट दिसतात. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी. आंब्याला साधारण दोन ते चार महिने धरा, गणपतीपासून नवरात्रापर्यंत कधीतरी तो तयार होतो. सावर-पांगारा असेल तर आषाढातच डोकावायला लागा.

परीक्षा दोन. नखाने दाबून बघा, पांढऱ्या भागात नखाची खूण उमटली तर चालेल, नख रुतलं तर उशीर झालाय. दुसरी, दुसऱ्या लाकडाच्या दांड्याने ठोकून बघा. ठणठणीत आवाज आला तर अजून जागा आहे, आवाज बसका व्हायला लागला की त्याच दिवशी काढा, रविवारची वाट बघू नका. मन नेहमी म्हणतं अजून थोडं थांबू, अजून दोन रेषा येतील, आणि लाकडं वाया जातात ती बहुतेक तिथेच. माझं मत स्पष्ट आहे, कमी नक्षी आणि घट्ट लाकूड हे जास्त नक्षी आणि भुसभुशीत लाकडापेक्षा कधीही बरं, कारण लेथवर मऊ भाग धाग्या-धाग्याने उचकटतो आणि मग कितीही पॉलिश पेपर घासा तो गुळगुळीत होत नाही.

वाळवणं, म्हणजे खरी कसोटी

इथे कोकण आपल्या विरोधात आहे. भाद्रपदात ओंडका बाहेर काढला तरी बुरशी थांबत नाही कारण हवाच इतकी दमट की उघड्यावरचं लाकूड २० टक्क्यांच्या आसपासच अडकून बसतं, त्याच्या खाली नीट उतरत नाही. त्यामुळे काढल्या काढल्या ओंडका चिरून लहान करा. वाडगा करायचा असेल तर ओल्यातच ओबडधोबड वळवून घ्या, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ठेवून, म्हणजे दहा इंचाच्या वाडग्याला एक इंच, वाळताना तो वाकडा झाला तरी परत गोल करायला माल उरतो. फळ्या असतील तर मधे पट्ट्या ठेवून रचा, टोकांना मेणबत्तीचं मेण वितळवून किंवा फेव्हिकॉल पाणी न घालता जाड लावा, आणि घरात पंख्याखाली ठेवा. पूर्वी चुलीच्या वर माळ्यावर लाकडं ठेवायचे, ती जागा अजून असेल तर यासाठी त्याहून चांगली जागा नाही. उन्हात मात्र टाकू नका, कुजलेला आणि न कुजलेला भाग वेगवेगळा आकसतो आणि नेमकं रेषेवर तडकतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पडवीत हलवा, संक्रांतीपर्यंत बारीक वस्तू वापरण्याजोग्या होतात, जाड फळ्यांना पुढचा उन्हाळा लागतो.

वाळलं म्हणजे बुरशी मेली असं नाही, ती झोपते. पुढच्या पावसात वाडगा दमट कपाटात राहिला तर परत जागी होऊ शकते. म्हणून वाळल्यावर एकदा उष्णता द्या, जुन्या ओव्हनमध्ये ६५ ते ७० अंशांवर दोन-तीन तास, गाभ्यापर्यंत गरम झालं पाहिजे. निर्यातीच्या लाकडी खोक्यांना गाभ्यात ५६ अंश ३० मिनिटं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण तो किड्यांसाठी, बुरशीला त्याहून जास्त लागतं. ओव्हन नसेल तर पेटारा आतून काळा रंगवून वर काच लावा, मार्च-एप्रिलच्या उन्हात तो आरामात ६० च्या वर जातो. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आतून पेटतं आणि बाहेरून कळत नाही.

किड्यांचं वेगळं बघावं लागतं. आंब्याच्या ओंडक्यात भिरूड आधीपासून असू शकते, भोकातून भुसा पडताना दिसला तर तो तुकडा बाकीच्यांपासून लांब करा. वाळल्यावर पिठासारखा भुगा पाडणारे बारीक भुंगेरे येतात, त्यांना आंब्यातला स्टार्च आवडतो. यावर रबरवूडच्या धंद्यातला जुना उपाय आहे, टाकणखार आणि बोरिक पावडर. एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार आणि २० ग्रॅम बोरिक विरघळवून लाकडाला ब्रशने दोन-तीनदा पाजायचं. याने बुरशीही थांबते, त्यामुळे नक्षी पूर्ण व्हायच्या आधी चुकूनही लावू नका. आणि ज्यात खायचे पदार्थ ठेवणार त्या भांड्याला हे नको, तिथे उष्णतेवरच भागवा.

कातताना आणि शेवटचा हात

मास्क लावा, साधा कापडी नाही, एन-९५ च्या वरचा. वाळवून गरम केलेल्या लाकडात बुरशीचा धोका फारसा राहत नाही पण लाकडाची बारीक धूळ फुप्फुसाला तशीही वाईटच, आणि ओलं कुजकं लाकूड कापताना बीजाणू उडतात. दमा असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं. ओंडक्यावर आलेली अळंबी खायच्या अळंब्यांसारखी दिसली तरी खाऊ नका, हे सांगायची गरज पडू नये पण सांगून ठेवतो.

हत्यारं दर थोड्या वेळाने परत धार लावलेली, काप हलके. मऊ जागा लागली की लेथ थांबवा, तिथे पातळ सुपरग्लू किंवा सँडिंग सीलर पाजा, सुकू द्या, मग पुढे. खिडकी उघडी ठेवा, सुपरग्लूचा वास डोळ्यात जातो.

फिनिशला तेल लावायचा मोह होतो, आपल्याकडे खोबरेल हाताशीच असतं, पण तेलाने पांढरा भाग पिवळट होतो आणि काळ्या रेषांचा उठाव जातो, शिवाय मऊ भाग स्पंजासारखा तेल पिऊन काळपट होतो. त्यापेक्षा पातळ केलेलं लाखदाण्याचं पॉलिश, फिकं घ्या, किंवा पाण्यावरचं क्लिअर लॅकर, तीन-चार पातळ हात. आतून बाहेरून आणि बुडालासुद्धा मारा, बूड लोक विसरतात आणि पुढच्या आषाढात दमट ओट्यावरून ओल तिथूनच आत शिरते. पाणी किंवा ओलं जेवण ठेवायला हे भांडं नाही, सुपारी, काजूगर, किल्ल्या, पणत्या, असल्या कोरड्या गोष्टींना ठीक. भांडं म्हणून न करता पेनाची बॉडी, कपाटाच्या मुठी, घड्याळाची चकती केलीत तर छोट्या तुकड्यांतूनही काम होतं, आणि पहिल्या वर्षी तुमच्या हातात छोटेच तुकडे जास्त येणार आहेत, मोठा ओंडका मधोमध चांगला आणि कडेने गेलेला असाच बहुतेक निघतो.